तमनारचा कोळसा, नागपूरची राख आणि पत्ता चुकलेला निषेध

समाजमाध्यमांवरील आंदोलनांनी कंपन्यांना शाश्वत व्यवहाराकडे वळवले, हे विधान विज्ञान आणि पर्यावरणाच्या बातम्यांत आता इतक्या सहजपणे केले जाते की त्याला पुरावा मागण्याचे कुणाच्या मनातही येत नाही. तो मागायला हवा. कंपनी बदलली म्हणजे नेमके काय बदलले? तिची जाहिरात, तिच्या वार्षिक अहवालाचे मुखपृष्ठ, की तिचे धुराडे? पहिल्या दोन गोष्टी एका बैठकीत बदलता येतात. तिसरीला पैसे पडतात, यंत्रे बदलावी लागतात, कधीकधी आखलेला प्रकल्प गुंडाळावा लागतो. निषेधाचे यश मोजायचे ते या तिसऱ्या मापाने, आणि ते मोजण्यासाठी मुंबई-बंगळुरूपेक्षा सोयीची जागा दुर्ग-भिलाईचे पद्मनाभपुर ही आहे.

पद्मनाभपुर ही भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या आधाराने वाढलेल्या जोडशहरातली एक वसाहत. हावडा-मुंबई हा लोहमार्ग या जोडशहरातून जातो. कोरबा आणि रायगडच्या खाणपट्ट्यातून नागपूरकडे निघालेल्या कोळशाच्या वाघिणी दुर्ग ओलांडूनच पुढे राजनांदगाव, गोंदियाला पोचतात. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत दुर्ग आणि नागपूर एकाच राज्यात होते आणि राजधानी नागपूर होती. राज्याची सीमा मध्ये आली, तरी कोळशाने आपला रस्ता बदलला नाही. या रस्त्याच्या एका टोकाला खाण आहे आणि दुसऱ्या टोकाला महाराष्ट्रातल्या घराघरांतला दिवा. मधल्या गावात उभे राहिले की दोन्ही टोके दिसतात. एरवी निषेध करणाऱ्याला त्यांपैकी एकच दिसते, आणि वादाचे मूळ तेथेच आहे.

जे खरोखर घडले ते आधी मान्य केले पाहिजे. ३० जुलै २०१५ रोजी चेन्नईच्या एका रॅप गायिकेची चित्रफीत प्रसिद्ध झाली. विषय होता तमिळनाडूतील कोडाईकनाल येथील हिंदुस्थान युनिलिव्हरचा, म्हणजे पूर्वीच्या हिंदुस्थान लिव्हरचा, तापमापीचा कारखाना. अमेरिकेत वापरलेली यंत्रसामग्री १९८०च्या दशकात येथे आणून तो उभारला होता. पारामिश्रित काचेचा कचरा भंगारवाल्याच्या आवारात सापडल्यानंतर २००१ साली तो बंद पडला. त्यानंतर चौदा वर्षे कामगार दारोदार फिरत होते. चित्रफीत काही दिवसांत लाखो लोकांनी पाहिली आणि मार्च २०१६मध्ये कंपनीने ५९१ माजी कामगारांशी समझोता केला. समाजमाध्यमांच्या सामर्थ्याचे उदाहरण म्हणून ही कथा सर्वत्र सांगितली जाते. सांगताना दोन गोष्टी मात्र गाळल्या जातात. कामगार २००६ सालीच मद्रास उच्च न्यायालयात गेले होते, म्हणजे चित्रफितीच्या आधी नऊ वर्षांचा कागद तयार होता. आणि समझोता झाला तो कामगारांच्या दाव्यापुरता. कारखान्याच्या जमिनीतला पारा किती काढायचा, एक किलो मातीत २० मिलिग्रॅम शिल्लक राहिला तर चालेल की त्याहून कमी हवा, हा वाद त्यानंतरही चालू राहिला. गाण्याने माणसांची भरपाई मिळवून दिली. मातीच्या मानकापर्यंत ते पोचले नाही. मूलद्रव्याचा नाश होत नाही हे शाळेतले रसायनशास्त्र येथे निर्दयपणे लागू पडते. चित्रफितीचे प्रेक्षक पांगतात, पारा जागचा हलत नाही.

तरीही कोडाईकनालला काहीतरी मिळाले, याचे कारण साबण आहे. हिंदुस्थान युनिलिव्हरची वस्तू प्रत्येक घरातल्या न्हाणीघरात आहे. तिच्या नावाला काळिमा लागला तर दुकानातल्या फळीवर त्याचा परिणाम होऊ शकतो. भिलाईचे काय? तेथे रेल्वेचे रूळ तयार होतात आणि रेल्वेचा रूळ कुणी दुकानात विकत घेत नाही. भिलाईच्या झोतभट्टीविरुद्ध कितीही हॅशटॅग चालवले, तरी ज्याच्यावर बहिष्कार टाकता येईल असा माल तेथून बाजारात फारसा येतच नाही. भारतात एक टन कच्चे पोलाद तयार होताना सरासरी अडीच टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. जागतिक सरासरी दोन टनांच्या किंचित खाली आहे. या दरीविषयी आज पोलाद कंपन्यांच्या कार्यालयांत जी धावपळ दिसते, ती कुणाच्या संतापामुळे सुरू झालेली नाही. युरोपीय संघाने आयात पोलादातील कार्बनचा हिशेब ऑक्टोबर २०२३पासून मागायला सुरुवात केली आणि १ जानेवारी २०२६पासून त्याला किंमत लावली. डिसेंबर २०२४मध्ये भारताच्या पोलाद मंत्रालयानेही हरित पोलादाची व्याख्या ठरवली: एका टनामागे २.२ टनांहून कमी उत्सर्जन असेल तरच ते नाव वापरायचे. आकडा ठरला तेव्हा कंपन्या हलल्या. छत्तीसगडची खरी कमाई पोलाद, सिमेंट, स्पंज आयर्न, कोळसा आणि वीज यांतून होते. हे सगळे उद्योग मुख्यतः इतर उद्योगांना माल विकतात. ग्राहकाच्या रागावर उभा असलेला निषेध त्यांच्या भिंतीवर आपटून परत येतो.

मग समाजमाध्यमे निरुपयोगी आहेत काय? तसे म्हणणारा एक वर्ग आहे आणि त्याचा आळस कमी दर्जाचा नाही. अंगठा दाबून जग बदलत नाही, असे अंगठ्यानेच लिहून तो मोकळा होतो. त्याने नागपूर जिल्ह्यातील नांदगावची हकिगत वाचावी.

महानिर्मिती ही महाराष्ट्र शासनाच्या मालकीची वीजनिर्मिती कंपनी. राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन २००५ साली ती अस्तित्वात आली. तिच्या खापरखेडा केंद्राची राख पाण्यात कालवून नळांवाटे नांदगावच्या नव्या तलावात सोडली जाऊ लागली. गाव पेंच नदीच्या परिसरातले, शेतीचे. नोव्हेंबर २०२१मध्ये स्थानिक आणि राज्याबाहेरील अभ्यासगटांनी मिळून कोराडी आणि खापरखेडा केंद्रांच्या परिसरातील गावांच्या पाण्याचा अहवाल प्रसिद्ध केला. पाण्याचे नमुने गावोगाव घेऊन प्रयोगशाळेत तपासले होते आणि पारा, आर्सेनिक यांसारख्या घटकांची नोंद त्यात होती. राखेची छायाचित्रे आणि चित्रफिती वृत्तपत्रांतून आणि समाजमाध्यमांतून फिरल्या. फेब्रुवारी २०२२मध्ये तत्कालीन पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी नांदगावला राख टाकणे थांबवण्याचा आदेश दिला आणि महानिर्मितीला तो पाळावा लागला. येथे मंत्री मुंबईचा, कंपनी राज्याची, पीडित गाव राज्यातले आणि ओरड मराठीत होती. निषेधाच्या पाकिटावर पत्ता बरोबर लिहिलेला होता आणि पाकिटात प्रयोगशाळेचा कागद होता.

विजयाच्या पोस्ट तेव्हा भरपूर लिहिल्या गेल्या. त्याच वर्षी जुलैमध्ये कोराडी केंद्राच्या खसाळा येथील राखेचा बंधारा फुटला आणि राखाडी चिखल शेतांत आणि नाल्यांत पसरला. कंपनी तीच, जिल्हाही तोच, मध्ये अवघे पाच महिने. एका तलावाबाबत माघार घेतलेल्या कंपनीने राखेचा एकूण व्यवहार बदलला होता असे म्हणायला आधार नाही. बदलला होता तो एक तलाव. तरीही नांदगावच्या लोकांसाठी तो एक तलाव म्हणजे सर्वस्व होते. त्याला क्षुल्लक म्हणण्याचा अधिकार दूर बसलेल्या कुणालाही नाही.

आता लोहमार्गाने पूर्वेकडे जावे. छत्तीसगडच्या रायगड जिल्ह्यात तमनार हा तालुका आहे. तेथील गारे पेलमा सेक्टर-२ हा कोळसापट्टा २०१५ साली केंद्र सरकारने महानिर्मितीला दिला. होय, त्याच महानिर्मितीला. चंद्रपूर, कोराडी आणि परळी येथील वीज केंद्रांना कोळसा पुरवणे हा त्याचा हेतू. क्षेत्र सुमारे २,५८४ हेक्टर, बाधित गावे १४, साठा सुमारे ६५.५ कोटी टन, नियोजित उत्पादन वर्षाला २ कोटी ३६ लाख टन. खाण विकसित करून चालवण्याचे कंत्राट अदानी समूहाकडे. जनसुनावणी सप्टेंबर २०१९मध्ये झाली आणि ग्रामस्थांनी तिच्या वैधतेलाच आव्हान दिले. जुलै २०२२मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली. जानेवारी २०२४मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ती रद्द केली. ऑगस्ट २०२४मध्ये केंद्रीय मंत्रालयाने ती पुन्हा दिली. जून २०२५च्या अखेरीस मुडागाव आणि सराईटोला या गावांच्या जंगलात पोलीस बंदोबस्तात झाडे तोडली गेली.

हरित लवादाने मंजुरी रद्द केली, ती गावकऱ्यांच्या कागदांवर. त्या सात महिन्यांत, म्हणजे जानेवारी ते ऑगस्ट २०२४ या काळात, महाराष्ट्राच्या समाजमाध्यमांवर या खाणीचा काय गाजावाजा झाला? नगण्य. ज्या राज्याच्या नावाने ही खाण उघडली जात आहे, त्या राज्यातल्या पर्यावरणप्रेमी तरुणांना तमनार कुठे आहे हे शोधावे लागेल. हीच मंडळी हसदेवचा हॅशटॅग चालवतात, ॲमेझॉनच्या वणव्याची चित्रे आपल्या पानावर लावतात. हसदेवविषयी त्यांना वाटणारी कळकळ खोटी नाही. परंतु हसदेव अरण्यातील परसा पूर्व-केते बासन खाणीचा कोळसा जातो राजस्थानच्या वीज महामंडळाकडे. त्या महामंडळाला पुण्यातल्या किंवा नाशिकच्या संतापाची पर्वा का वाटावी? तमनारचा कोळसा ज्या कंपनीसाठी निघणार आहे, तिची वीज मात्र त्याच पुण्या-नाशिकात महावितरणच्या देयकातून विकली जाते. जेथे आवाजाला किंमत आहे तेथे मौन, जेथे नाही तेथे गर्जना, असा हा उलटा हिशेब आहे.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याने तो स्वतः मांडून पाहावा. औष्णिक केंद्रात एक युनिट वीज तयार करायला साधारण साडेसहाशे ते सातशे ग्रॅम देशी कोळसा लागतो. कोळशातील राख पस्तीस टक्के धरली, तर प्रत्येक युनिटमागे पाव किलोच्या आसपास राख उरते आणि जवळपास एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. महिन्याला २०० युनिट वापरणाऱ्या कुटुंबाची वीज पूर्णतः कोळशाची असेल, तर त्याच्या नावावर दरमहा सुमारे ४७ किलो राख जमा होते. ती घरी येत नाही. नांदगाव किंवा खसाळ्यासारख्या गावाला जाते. आणि खणलेली जमीन, उपसलेले पाणी, तोडलेले साल वृक्ष तमनारला राहतात. वर्षाला २ कोटी ३६ लाख टन कोळसा जाळल्यावर, टनामागे दीड टन कार्बन डायऑक्साइड धरला तरी, साडेतीन कोटी टनांहून अधिक उत्सर्जन होते. हा गुणाकार करायला कुणाची परवानगी लागत नाही.

तमनार हे नाव मराठी-कोकणी मुलखात एका वेगळ्या कारणाने गाजले होते, हा आणखी एक विचित्र योग. गोव्यातील मोले अभयारण्यातून जाणाऱ्या ४०० किलोव्होल्ट वीजवाहिनीच्या प्रकल्पाचे नाव गोवा-तमनार असे होते. कंत्राट देताना गोव्याची वाहिनी आणि रायगडची वाहिनी यांची एकत्र मोट बांधली होती, म्हणून ही नावाची जोडी. २०२०च्या टाळेबंदीत मोलेसाठी जे आंदोलन पडद्यावर सुरू झाले, ते या सगळ्या प्रकारात अपवाद म्हणावे इतके चांगले होते. विद्यार्थी, वकील, चित्रकार आणि जीवशास्त्रज्ञ एकत्र आले. पर्यावरण आघात अहवालातल्या चुका त्यांनी एकेक करून दाखवल्या. फुलपाखरांची चित्रे काढता काढता कागदपत्रे गोळा केली आणि नोव्हेंबर २०२०च्या एका रात्री हजारो गोवेकर चांदोरच्या रेल्वेफाटकावर जमले. गोवा फाउंडेशनने खटला चालवला. एप्रिल २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय सक्षम समितीने वीजवाहिनी अस्तित्वातील वाहिन्यांच्या पट्ट्यातूनच न्यावी असे सुचवले आणि मे २०२२मध्ये न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे या रेल्वे दुपदरीकरणाची वन्यजीव मान्यता रद्द केली. समाजमाध्यमांनी काय केले याचे उत्तर येथे नेमके देता येते. त्यांनी माणसे आणि कागद एकत्र आणले. न्यायाधीशांसमोर गेला तो कागद. गोव्याने तमनार हे नाव असलेली तार अडवून धरली. खुद्द तमनारच्या गावासाठी त्या नावाचा दबदबा काही कामी आला नाही.

हसदेवचे आंदोलन पराभूत झाले असे समजणारेही चुकतात. ऑक्टोबर २०२१मध्ये गावकरी सुमारे ३०० किलोमीटर चालत रायपूरला आले. त्यांच्या पावलांची दृश्ये देशभर पाहिली गेली. जुलै २०२२मध्ये छत्तीसगड विधानसभेने तेथील खाणींविरुद्ध एकमताने ठराव केला. २१ नियोजित कोळसापट्ट्यांपासून अरण्य वाचवल्याबद्दल आलोक शुक्ला यांना २०२४चा गोल्डमन पुरस्कार मिळाला. त्याच्या चारच महिने आधी, डिसेंबर २०२३मध्ये, चालू खाणीच्या दुसऱ्या टप्प्यासाठी तेथे झाडे पडत होती. भारतीय वन्यजीव संस्थेने २०२१ साली बजावले होते की देशातील एक टक्क्याहून कमी हत्ती छत्तीसगडमध्ये असूनही हत्ती-मानव संघर्षातील पंधरा टक्क्यांहून अधिक मृत्यू तेथे होतात. अहवाल होता, ठराव होता, हॅशटॅग होता. जो पट्टा अजून कुणाच्या ताळेबंदात शिरला नव्हता तो वाचला. ज्यातून कोळसा निघू लागला होता तो वाचला नाही. भांडवल गुंतण्याच्या आधीचे एक वर्ष नंतरच्या दहा वर्षांहून मोलाचे असते. समाजमाध्यमांची गोची अशी की त्यांना पडलेल्या झाडाचे चित्र लागते, आणि झाड पडते तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. जनसुनावणीच्या नोटिशीचे चित्र कुणी पुढे पाठवत नाही.

यावर उद्योगांच्या बाजूने एक प्रश्न नेहमी येतो: मग वीज नको काय? प्रश्न रास्त आहे आणि तो टाळणारे आंदोलक आपलेच नुकसान करतात. विदर्भातल्या शेतकऱ्याला पंपासाठी वीज हवी, भिलाईच्या भट्टीला हवी, हे लिहिणाऱ्या आणि वाचणाऱ्या यंत्रांनाही हवी. वाद विजेचा नाही. नवी खाण तीस-चाळीस वर्षांसाठी उघडली जाते. तेवढा काळ तो कोळसा लागणारच आहे काय, सौरऊर्जेचे दर इतके खाली आल्यानंतरही त्याचा हिशेब तोच राहतो काय, आणि राखेची व जंगलाची किंमत युनिटच्या दरात धरली आहे काय, हे विचारण्याला विकासविरोध म्हणता येत नाही. ग्राहकाने विक्रेत्याला भाव विचारावा, इतकेच ते आहे.

कंपन्यांच्या उत्तरांविषयीही भोळेपणा नको. सेबीच्या नियमामुळे २०२२-२३पासून बाजारमूल्याने पहिल्या हजार सूचीबद्ध कंपन्यांना उत्सर्जन, पाणी आणि कचरा यांची माहिती ठरावीक नमुन्यात जाहीर करावी लागते. भिलाईचा कारखाना चालवणारी सेल त्यात येते. महानिर्मितीचे समभाग बाजारात नाहीत, म्हणून तिला हा नियम बांधत नाही. जी कंपनी सर्वांत जास्त लोकांच्या मालकीची, तिचाच हिशेब उघड करण्याची सक्ती नाही, ही विसंगती एका हॅशटॅगच्या नक्कीच योग्यतेची आहे. ऑक्टोबर २०२४मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या हरित दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली, तेव्हापासून ‘पर्यावरणस्नेही’ असे मोघम लिहिणाऱ्या जाहिरातदाराला पुरावा मागता येतो. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ २०१७पासून कारखान्यांना धूलिकणांच्या मोजमापावरून एक ते पाच तारे देते. अतिप्रदूषक उद्योगांच्या धुराड्यांवर सतत मोजणारी यंत्रे बसवण्याचा आदेश केंद्रीय मंडळाने २०१४ सालीच दिला आहे. पद्मनाभपुरातल्या किंवा चंद्रपुरातल्या विद्यार्थ्याने एका धुराड्याचे महिन्याभराचे आकडे उतरवून काढले आणि यंत्र नेमके कोणत्या रात्री मुके होते तेवढे जाहीर केले, तर तो आलेख शंभर संतप्त कवितांहून कंपनीला अधिक खुपेल.

राहिला तमनारचा पत्ता. महानिर्मितीचा वीजदर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो. दरवाढीची याचिका आली की आयोग जाहीर सूचना काढतो, लेखी हरकती मागवतो आणि सुनावणी घेतो. इंधनाचा खर्च हा त्या याचिकेतील सर्वांत मोठा भाग असतो. गारे पेलमाच्या कोळशाची किंमत त्यात कोणत्या आधारावर धरली आहे, खाण चालवणाऱ्या कंत्राटदाराला टनामागे किती द्यायचे आहे, आणि राखेची विल्हेवाट व वनीकरण यांसाठी किती राखून ठेवले आहे, हे प्रश्न तेथे कोणताही वीजग्राहक मराठीत लिहून विचारू शकतो. आयोगाला आपल्या आदेशात हरकतींची नोंद घ्यावी लागते. मुडागावच्या रहिवाशाला ही सोय नाही, कारण तो महाराष्ट्राचा वीजग्राहक नाही.